निघता येईल अशी जागा

२०२७चा सिंहस्थ जवळ यायला लागला तसं नाशकात ज्याला त्याला वेबसाइट हवीशी झालीय. पंचवटीतले गुरुजी, त्र्यंबक रोडवरचे चार खोल्यांचे होम-स्टे, गाड्या भाड्याने देणारे, यात्रेकरूंना घरचे डबे पोचवणाऱ्या बायका. चार-पाच पानं, फोन नंबर, नकाशा, दोन-तीन फोटो, एवढंच बहुतेकांचं मागणं. मी गेली काही वर्षं अशा साध्या साइट करून देते. त्यामुळे संध्याकाळी फोन आला की हमखास विचारणा असते, "ताई, होस्टिंग कुठलं घेऊ?"

विचारणाऱ्याला एका कंपनीचं नाव हवं असतं, तेही शक्यतो फोन ठेवायच्या आत. मी आधी विचारते, "डोमेन कुणाच्या नावावर आहे?" बरेचदा उत्तर मिळतं, "ते सगळं तो मुलगाच बघतो." हा मुलगा नाशिकच्या प्रत्येक धंद्यात असतो. कुणाचा भाचा, कुणाच्या मित्राचा मुलगा, कॉलेजात असताना दोन-तीन हजारांत साइट करून देणारा. पुढे त्याला पुण्याला नोकरी लागते, नंबर बदलतो, आणि ज्या ईमेलवर डोमेन घेतलेलं असतं तो ईमेल तोही उघडत नाही. त्याचा दोष मी फारसा धरत नाही. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं आणि मालकाने विचारलेलं नसतं.

तेव्हा पहिल्यांदा हे सांगते की डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच बिलात येतात म्हणून त्या एक वाटतात. डोमेन म्हणजे तुमचं नाव. होस्टिंग म्हणजे त्या नावाखाली दिसणाऱ्या फाइली जिथे ठेवल्यात तो कुणाचा तरी संगणक. आपल्याकडे सातबारा म्हटलं की कुणाला जास्त समजावावं लागत नाही, म्हणून मी तोच दाखला देते : डोमेन हा सातबारा, तो स्वतःच्याच नावावर पाहिजे, होस्टिंग हा भाड्याचा गाळा, तो कधीही बदलावा. गाळेवाल्याच्या नावावर सातबारा कुणी ठेवत नाही. वेबसाइटच्या बाबतीत मात्र सर्रास ठेवतात.

माझ्या ओळखीचे तबल्याचे एक सर आहेत. त्यांच्या क्लासची साइट चांगली होती, विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांचे फोटो होते, परीक्षांची माहिती होती. नाव डॉट कॉममध्ये, आणि ते घेतलं होतं साइट करून देणाऱ्याच्या खात्यातून. मुदत संपत आल्याची पत्रं त्याच्याकडे गेली, तिथेच पडून राहिली. डॉट कॉमचं डोमेन मुदत संपली की लगेच हातचं जात नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याच्या धोरणाप्रमाणे ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. मग ३० दिवस असे असतात की नाव परत मिळतं, पण वर जबर दंड भरून. शेवटी ५ दिवस कुणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर नाव बाजारात मोकळं. सरांना कळलं तेव्हा हे सगळे टप्पे होऊन गेले होते आणि नाव दुसऱ्या कुणीतरी उचललं होतं. क्लासच्या बोर्डावर, पावतीपुस्तकावर, कार्डांवर तेच नाव छापलेलं. बोर्ड पुन्हा रंगवला, पावतीपुस्तकं संपेपर्यंत जुन्या नावावर पेनाने रेघ मारून नवं लिहीत राहिले. मला त्या रेघेचं अजून वाईट वाटतं, कारण डोमेनचं वर्षाचं भाडं हे सरांच्या एका विद्यार्थ्याच्या महिन्याच्या फीएवढंसुद्धा नव्हतं.

कार्डावरून आपोआप पैसे जातील या भरवशावरही राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरून ठरावीक काळाने कापल्या जाणाऱ्या रकमांना आधी रीतसर संमती नोंदवावी लागते आणि कापण्याच्या २४ तास आधी बँकेने कळवावं लागतं. ग्राहकाच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण परदेशी कंपन्यांची बरीच आपोआप होणारी रिन्यूअल त्या दिवसापासून अडकली. मी सगळ्यांना सांगते, जमत असेल तर दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, देव्हाऱ्याशेजारी लटकतं त्याच कॅलेंडरवर.

आता होस्टिंग. इथे लोक जाहिरातींत अडकतात, कारण तिथे अमर्याद जागा, अमर्याद ट्रॅफिक, अमर्याद ईमेल असं सगळंच अमर्याद असतं. आपल्याला लागतं किती, हे कुणी मोजत नाही. म्हणून एकदा मोजलेलंच सांगते.

रामकुंडाजवळच्या एका गल्लीत राहणाऱ्या गुरुजींची साइट करायची होती. त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या यजमानांच्या वह्या आहेत. लाल बासनात बांधलेल्या, गावावार लावलेल्या. कुणी नाशकाला श्राद्धाला किंवा अस्थिविसर्जनाला आलं की गाव आणि आडनाव सांगायचं, गुरुजी वही काढतात, आणि आजोबा-पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे त्यांच्याच सहीने पाहायला मिळतं. जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत, तारखा शकात. गुरुजींनी साइटचा मजकूर मला वहीच्याच आडव्या कागदावर लिहून दिला. कोणते विधी, साहित्य कोण आणणार, राहण्याची सोय, रामकुंडावर गाडी कुठपर्यंत येते. टाइप केल्यावर तो साधारण दीड हजार शब्दांचा भरला.

संगणकात देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एकच घेतं. म्हणजे मराठी मजकूर इंग्रजीच्या जवळजवळ तिप्पट जड. तरीही गुरुजींचा सगळा मजकूर तीस-पस्तीस केबीत बसला. त्यांच्या मुलाने गोदाघाटाचा जो फोटो फोनवरून पाठवला तो एकटा चार एमबीचा होता, म्हणजे अख्ख्या साइटच्या मजकुराच्या शंभरपट! फोटो लहान करून दीडशे केबीवर आणला, तरी स्क्रीनवर रामकुंडाच्या पायऱ्या न्‌ पायऱ्या दिसत होत्या. सगळं धरून ती साइट एक एमबीच्या आत राहिली. तिला अमर्याद जागा काय करायची आहे?

आणि ती रोज बदलतही नाही. विधींचे दर गुरुजी साइटवर टाकणार नव्हते, ते बोलून ठरतात. वह्यांतली कुठलीही नोंद इंटरनेटवर जाणार नाही, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावलं. "ताई, यजमानाची वंशावळ ही यजमानाची ठेव. मी फक्त राखणदार," असं म्हणाले. माझंही मत तेच होतं, मी ऐकताना सुखावलेच. साइटवर माहिती भरायचा फॉर्मसुद्धा ठेवला नाही. फोन नंबर आणि व्हॉट्सॲप पुरे. जी माहिती गोळाच केली नाही ती चोरीला जाणार नाही.

अशा साइटला स्टॅटिक म्हणतात. तयार पानं ठेवून द्यायची, कुणी मागितली की सर्व्हर ती जशीच्या तशी देतो. मागे डेटाबेस नाही, लॉगिन नाही. १९९१ साली वेबचे जनक टिम बर्नर्स-लींनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत जी पहिली वेबसाइट केली ती याच जातीची होती आणि ती पानं आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात. मला या गोष्टीचं फार अप्रूप आहे. तीस वर्षांत किती सॉफ्टवेअर आली आणि गेली, एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतलं साधं पान मात्र वाचता येतं.

याउलट, साइट म्हटली की वर्डप्रेसच, असं आपल्याकडे धरून चालतात. वर्डप्रेसबद्दल मला आदर आहे. साइट चालवायचं हे सॉफ्टवेअर २००३पासून फुकट आणि खुलं आहे, कितीतरी मराठी लिहिणारी माणसं त्याच्यामुळे इंटरनेटवर आली. दर आठवड्याला लिहायचं असेल, तीन-चार जण मिळून लिहिणार असतील, तर ते जरूर घ्यावं. पण ते वाहतं ठेवावं लागतं. मूळ प्रोग्राम, थीम (साइटचं रूप), प्लगइन (वरून जोडलेल्या सोयी), ते ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची आवृत्ती, सगळ्यांचे अपडेट. वर्षभर कुणी फिरकलं नाही की दार किलकिलं राहतं. माझ्या पाहण्यातल्या एका शाळेची साइट अशीच पडून होती. गूगलवर शाळेचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरांत पादत्राणांच्या आणि घड्याळांच्या जाहिराती यायच्या. शाळेचं पान उघडलं तर वर सगळं ठाकठीक, ध्वजवंदनाचा फोटोसुद्धा जागेवर. आत कुणीतरी हजारो खोटी पानं घुसवून ठेवली होती. पालकांनी सांगितलं तेव्हा शाळेला कळलं. त्या साइटवर वर्षात दोनदा काहीतरी बदलत असे. त्यासाठी डेटाबेस चालवायची गरज नव्हती.

स्टॅटिक साइट ठेवायला आज चांगल्या फुकट जागा आहेत. गिटहब पेजेस २००८पासून आहे. तिथे साइट १ जीबीपर्यंत आणि महिन्याचं ट्रॅफिक (बघणाऱ्यांपर्यंत जाणारा एकूण डेटा) १०० जीबीपर्यंत ठेवावं अशी मर्यादा आहे. एक एमबीची साइट धरली तर महिन्याला एक लाख वेळा पूर्ण उघडली तरी चालते. मात्र तिथे ऑनलाइन दुकान किंवा धंदा चालवायचा नाही, हे त्यांच्या अटींत स्वच्छ लिहिलंय आणि ते पाळलं पाहिजे. वाचनप्रेमींचा गट, सोसायटी, अभ्यासाची टिपणं, स्वतःचे लेख यांच्यासाठी ती जागा उत्तम. गुरुजींची साइट मी क्लाउडफ्लेअर पेजेसवर ठेवली, फुकट योजनेतच. तिथे एका फाइलला २५ एमबीची मर्यादा आहे, आणि आपली सगळ्यात मोठी फाइल दीडशे केबीची.

फुकट म्हटलं की अनुभवी माणूस सावध होतो आणि व्हावंच. जिओसिटीज १९९४ला सुरू झालं, लाखो लोकांनी आपली पहिली पानं तिथे मांडली. १९९९ला याहूने ते विकत घेतलं आणि २००९च्या ऑक्टोबरात बंद करून टाकलं. ज्यांचा पत्ताच जिओसिटीजचा होता त्यांचा पत्ता गेला, कितीतरींच्या फाइलीही गेल्या. डॉट टीके वगैरे फुकट डोमेन वाटणाऱ्या फ्रीनॉमने २०२३ला नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ला धंद्यातून अंग काढून घेतलं. आपल्याकडच्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी प्रोजेक्टसाठी ती नावं घेतलेली होती.

म्हणून माझा हिशेब असा आहे : फुकट होस्टिंग खुशाल घ्या, फुकट डोमेन कधी घेऊ नका. नाव पैसे देऊन स्वतःच्या खात्यातून घेतलेलं असलं आणि फाइली घरच्या संगणकावर असल्या, तर उद्या क्लाउडफ्लेअरने हात वर केले तरी त्याच संध्याकाळी त्या फाइली दुसरीकडे चढवता येतात. डोमेनच्या सेटिंगमध्ये एक-दोन ओळी बदलायच्या, काही तासांत साइट नव्या जागेवरून दिसते. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही. होस्टिंग निवडताना मी सगळ्यात आधी हेच तपासते, तिथून बाहेर पडायला किती त्रास होईल. काही कंपन्यांची ओढून-सोडून साइट करायची साधनं दिसायला फार सोयीची असतात, पण तिथली साइट तिथेच राहते. फाइली म्हणून हातात काही मिळत नाही. दुसरीकडे जायचं तर पहिल्यापासून मांडणी. ज्यांना काहीच शिकायला वेळ नाही त्यांनी तीही घ्यावीत, फक्त हे माहीत असू द्यावं.

पैसे देऊन होस्टिंग घ्यायचंच असेल तर पहिल्या वर्षाचा आकडा पाहूच नका. रिन्यूअलचा दर पाहा. तो खाली बारीक अक्षरांत असतो आणि बरेचदा दुपटी-तिपटीने जास्त असतो, वर १८ टक्के जीएसटी. अमर्याद जागेच्या योजनेतही फाइलींच्या संख्येला मर्यादा असते, अटींमध्ये ती आयनोड या नावाने लिहिलेली असते. एसएसएलसाठी, म्हणजे साइट आणि बघणाऱ्यामधली देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रमाणपत्रासाठी, वेगळे हजारो रुपये मागत असतील तर सरळ पुढचं दुकान गाठा. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा २०१५च्या अखेरीपासून अशी प्रमाणपत्रं फुकट देतेय आणि २०१८च्या जुलैपासून क्रोम त्याशिवायच्या साइटला असुरक्षित म्हणतो, त्यामुळे ती मूलभूत गोष्ट झाली. पैसे भरण्याआधी त्यांच्या मदतकेंद्राला एक साधा प्रश्न विचारून बघा : मला वर्षभरानंतर डोमेन दुसरीकडे न्यायचं असेल तर ऑथ कोड (नाव हलवायला लागणारा परवलीचा कोड) कसा मिळेल? सरळ उत्तर आलं तर विचार करा. "सर, आधी प्लॅन तर घ्या" असं आलं तर फोन ठेवा.

सर्व्हर भारतातच हवा का, हेही विचारतात. मुंबईत आता मोठमोठी डेटा सेंटर आहेत, ॲमेझॉनचं २०१६पासून, गूगलचं २०१७पासून. अंतराने फरक पडतो हे खरं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा अमेरिकेच्या सर्व्हरला एक निरोप जाऊन परत यायला शे-दीडशे मिलिसेकंद निव्वळ प्रवासात जातात, प्रत्यक्षात दोनशेच्या पुढेच. पण क्लाउडफ्लेअरसारख्या जागा पानांच्या प्रती जगभर ठेवतात, तेव्हा साताऱ्याच्या यजमानाला जवळच्या केंद्रातून पान मिळतं आणि न्यू जर्सीतल्या त्याच्या मुलीला तिच्या जवळच्या. साध्या साइटला खरी ओढ लागते ती जड फोटोंची. मी नवी साइट तपासते ती पंचवटी एक्सप्रेसमध्ये, इगतपुरी सोडून कसारा घाट उतरताना. बोगदा आला की नेटवर्क जातं, बाहेर आलं की क्षणभर एखादी काडी दिसते, लगेच पुढचा बोगदा. त्या दोन बोगद्यांमधल्या उजेडात फोन नंबर दिसला पाहिजे. फोटो मागाहून आला तरी चालेल. गुरुजींकडे येणारी माणसं याच गाडीने, याच फोनवर, दुःखाच्या दिवसांत त्यांचा नंबर शोधत असतात. त्यांच्यासाठी एवढं करायलाच हवं.

बॅकअपचं गुरुजींना समजावताना मी २०२१ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. लाखो साइट बंद पडल्या, आणि काही ग्राहकांचे बॅकअप त्याच आवारात होते, तेही गेले. गुरुजी म्हणाले, "आमच्या वह्या वरच्या मजल्यावर का आहेत सांगा बरं?" खिडकीतून गोदावरी दिसत होती. पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत आलं यावरून नाशिककर पूर मोजतात, आणि २०१९च्या ऑगस्टमधलं पाणी गुरुजींच्या गल्लीने पाहिलंय. महत्त्वाच्या काही वह्यांची नक्कल धाकट्या भावाकडे, गंगापूर रोडला, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मला पुढे काही बोलावं लागलं नाही. साइटच्या फाइली एका पेन ड्राइव्हवर त्यांच्याकडे, एक प्रत भावाच्या घरी, एक माझ्याकडे.

नाव देवनागरीत हवं, असा त्यांचा आग्रह होता. डॉट भारतची सोय २०१४पासून आहे, देवनागरीत नाव रीतसर घेता येतं. मला स्वतःला ते वाचताना फार बरं वाटतं. अडचण एवढीच की मागच्या बाजूला ते रोमन अक्षरांच्या एका अगम्य साखळीत बदलतं आणि काही ठिकाणी लिंक पाठवली की तीच साखळी दिसते, माणसाला वाटतं हे काहीतरी फसवणुकीचं. म्हणून दोन्ही घेतली. कार्डावर डॉट इन छापलं, डॉट भारतवरून त्याच साइटवर जाता येतं. दोन्ही डोमेन गुरुजींच्या नावावर, त्यांच्याच फोन नंबरवर, त्यांच्या मुलाच्या समोर बसून. पासवर्ड त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिला. माझ्याकडे नाही, आणि नसावाच.

परवा दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांचा फोन होता. युरोपात माल जातो, त्यांना स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल हवाय, खरेदीदार जीमेलचा पत्ता पाहून बिचकतात म्हणाले. होस्टिंगबरोबर ईमेल फुकट मिळतोय तो घेऊ का, हा त्यांचा प्रश्न. मी नको म्हटलं. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर एकाच सर्व्हरवर शेकडो जण असतात, त्यातल्या एकाने स्पॅम पाठवला की सगळ्यांची पत्रं खरेदीदाराच्या स्पॅममध्ये जाऊन पडू शकतात, आणि जानेवारी ते मार्चमध्ये एक पत्र चुकणंही त्यांना परवडणारं नाही. ईमेलसाठी वेगळी, नावाजलेली सेवा माणशी महिन्याचे पैसे भरून घ्या, दोन पत्ते पुरेत. साइट स्टॅटिक ठेवू, तिला खर्च नाही. डोमेन मात्र आज घ्या, मी लाइनवर थांबते. त्यांनी पुतण्याला हाक मारली, लॅपटॉप उघडायला लावला, आणि नाव कुणाच्या ईमेलवर घ्यायचं यावर काका-पुतण्यात जे बोलणं झालं ते मी ऐकत बसले. शेवटी काकांच्या नावावर ठरलं.